डावं पॅडल

गाडी मी रंग बघून घेतली, हे प्रज्ञेशला अजून पटत नाही. प्रज्ञेश माझा धाकटा भाऊ. खराडीला सॉफ्टवेअरचं काम करतो आणि उरलेल्या वेळात गाड्यांबद्दल बोलतो. शोरूममधून गाडी बाहेर काढली त्या दिवशी त्याने मला पहिल्यांदा स्टिअरिंगच्या मागे हात घालायला लावला.

"लागलं का काही?"

लागलं. स्टिअरिंगच्या मागे दोन्ही बाजूंना एकेक चपटा खटका होता. त्याला पॅडल म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. समोरून ते जवळजवळ दिसत नाहीत. स्टिअरिंग धरलं की बोटं आपोआप त्यांच्यावर जातात.

"डावं ओढलं की गिअर खाली, उजवं ओढलं की वर," प्रज्ञेश म्हणाला.

"ऑटोमॅटिक गाडी आहे ना? मग मी कशाला ओढू?"

"घाट उतरताना, ताई. नुसता ब्रेक दाबून धरलास तर तो तापतो. डावं ओढलंस की गिअर खाली येतो आणि इंजिनच गाडीला धरून ठेवतं. फार बेसिक आहे गं."

घाट मला रोजच्यातला. मी भूलतज्ज्ञ आहे. राहते कोंढव्याला, आणि आठवड्यातून दोन-तीनदा बोपदेव घाटातून सासवडला डॉ. महिपती जगतापांच्या हॉस्पिटलात जाते. सकाळी घाट चढायचा, ऑपरेशनं आटपून दुपारी उतरायचा. उतरताना येवलेवाडी आणि त्यामागच्या कोंढव्याच्या इमारती पायाशी पसरलेल्या दिसतात. पॅडल्स आहेत हे मी दोन दिवसांत विसरले. ब्रेक दाबत घाट उतरत राहिले.

फेब्रुवारीत घाटातलं गवत वाळून पिवळं पडलं होतं. एका दुपारी मी खाली येत होते. खिडकी थोडी उघडी होती आणि जळालेल्या गवताचा वास येत होता. उजवीकडे वळणाऱ्या एका मोठ्या वळणाच्या आधी स्टिअरिंगच्या मागून आवाज आला. टक्. समोरच्या पडद्यावर चारचा तीन झाला. पाठोपाठ आणखी एकदा टक्, आणि तीनचा दोन. इंजिनचा आवाज चढला, मी सीटवर किंचित पुढे सरकले, आणि गाडी कुणी मागून पदर धरावा तशी अडली.

वळणापलीकडे उसाची ट्रॉली आडवी बंद पडलेली होती. मी सहज थांबले. आधीच्या वेगात असते तर सहज थांबले नसते.

बोट लागलं असेल, असं मी धरलं. एकदा मान्य आहे, पण दोनदा लागतं का, हा प्रश्न मी पुढे ढकलला.

पुढच्या खेपेला मी स्टिअरिंग मुद्दाम अगदी खालून धरलं. तिथून पॅडल्स हाताला लागत नाहीत. त्याच वळणाच्या आधी टक् झालं, गिअर उतरला. वळणापलीकडे रस्ता मोकळा होता. मात्र अर्ध्या वळणात एक मोटरसायकलवाला माझ्या बाजूने, मोबाइलमध्ये बघत वर आला आणि मला घासून गेला.

मी गाडी सर्व्हिस सेंटरला दाखवली. सूरज नावाच्या तिथल्या मुलाने लॅपटॉप जोडला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, फॉल्ट काहीच नाहीये. गाडी म्हणते, पॅडल तुम्हीच ओढलं."

"गाडीला विचारलंत ते बरं झालं. मला विचारलं असतंत तर मी नाही म्हटलं असतं."

तो हसला. माझ्या समाधानासाठी त्याने डाव्या बाजूचा खटका बदलला. जुना माझ्या हातात ठेवला. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं, साधं काळं प्लॅस्टिक.

बदलल्यावरही फरक पडला नाही. तेव्हा मी ठरवलं की वळण यायच्या आधीच बोटं पॅडलवर ठेवायची. खटका आतल्या आत सरकतो की बाहेरून ओढला जातो, एवढं तरी कळेल. भूल देताना आम्ही हेच करतो. यंत्र काय म्हणतं ते ऐकायचं, पण एक हात पेशंटवर ठेवायचा.

त्या दुपारी ऊन लख्ख होतं. वळण दिसू लागल्यावर मी डाव्या हाताची बोटं स्टिअरिंगच्या मागे नेली.

तिथे बोटं होती.

मी पाहिलं नाही, कारण ती जागा दिसतच नाही आणि गाडी वळणावर होती. जे हाताला लागलं तेवढंच सांगते. चार बोटं पॅडलवर शेजारी शेजारी ठेवलेली होती. नखं बारीक कापलेली. कातडी थंड नव्हती. बराच वेळ स्टिअरिंग धरून बसलेल्या माणसाच्या हातासारखी कोमट आणि जराशी ओलसर होती. माझी बोटं त्यांच्यावर टेकली, तरी ती दचकली नाहीत. त्यांनी पॅडल ओढलं. टक्. माझी बोटंही त्यांच्याबरोबर मागे आली.

वळण संपल्यावर तिथे फक्त प्लॅस्टिक होतं. मी गाडी कडेला घेतली, खाली वाकले आणि मोबाइलचा टॉर्च लावून स्टिअरिंगची मागची बाजू पाहिली. थोडी धूळ होती. मी स्वतःची नाडी धरून ती खाली येईपर्यंत तिथेच बसले आणि मग घरी गेले.

खरं म्हणजे त्याच दिवशी गाडी विकायला हवी होती, असं कुणीही म्हणेल. पण त्या बोटांनी मला इजा केली नव्हती. उलटच झालं होतं. पुढचे काही आठवडे मी त्या वळणावर हात मागे नेत राहिले आणि प्रत्येक वेळी ती बोटं तिथे होती. ती कधी घाई करत नसत. उजव्या पॅडलवर मी एकदाच हात नेऊन पाहिला. तिथे काही नव्हतं.

प्रज्ञेशला मी सगळं सांगितलं, बोटांसकट. तो मिसळ खात होता. चमचा खाली ठेवून त्याने माझ्याकडे पाहिलं.

"त्याला पीएफ वगैरे देतेस का?"

"प्रज्ञेश."

"ताई, तू दिवसभर लोकांना बेशुद्ध करतेस. थोडा गॅस तुलाही लागत असणार. शनिवारी सुट्टी आहे मला. मी चालवतो, तू शेजारी बस. पॅडल मी ओढेन, मग तुझ्या माणसाला करायला काही उरणारच नाही."

शनिवारी तो सासवडला माझ्याबरोबर आला. आदल्या दिवशी ऑपरेशन झालेल्या एका बाईंना मी बघून येईपर्यंत डॉ. जगतापांनी त्याला चहा पाजला. परत निघालो तेव्हा तो मजेत होता. चांबळी, भिवरी गेलं, घाटमाथा आला. त्याने दोन्ही हात स्टिअरिंगवर व्यवस्थित ठेवले आणि मला धडा द्यायला सुरुवात केली.

"हे बघ. उतार लागला. डावं ओढलं. चारचा तीन. ऐकलास आवाज? आता ब्रेकला हात... म्हणजे पाय लावायचीसुद्धा गरज नाही."

गाडी सुरेख धरली गेली होती. वळण अजून लांब होतं. पुढे एक एसटी खाली जात होती.

"आता पुन्हा डावं. तीनचा दोन."

टक्. दोन झाला.

लगेच दुसरा आवाज आला. टक्. पुन्हा तीन.

"असं कसं?" तो म्हणाला आणि त्याने डावं ओढलं. दोन. उजवीकडून टक्. तीन. उजवीकडून पुन्हा टक्. चार.

इंजिनचा आवाज पडला. गाडी सैल सुटली. एसटीची मागची काच मोठी होऊ लागली.

"ताई, हात काढ ना."

"कसला हात?"

"उजव्या पॅडलवरचा. मस्करी नको, हात काढ."

मी त्याच्या डावीकडे बसले होते. उजव्या पॅडलपर्यंत माझा हात पोचला नसता.

"माझे दोन्ही हात मांडीवर आहेत," मी म्हणाले.

त्याने खाली पाहिलं. मग स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. तो हात स्टिअरिंगवर होता, बोटं मागे वळलेली. चेहऱ्यावरचं रक्त उतरणं मी रोज पाहते. इतक्या लवकर उतरलेलं मी पाहिलं नव्हतं.

"मागे कुणीतरी आहे," तो म्हणाला.

"ब्रेक दाब. प्रज्ञेश, ब्रेक."

मी हात लांब करून डाव्या पॅडलच्या मागे घातला. ती कोमट बोटं मी शोधत होते. तिथे प्रज्ञेशची बोटं होती, घामाने भिजलेली, आणि त्यांच्यामागे प्लॅस्टिक.

टक्. पाच.

त्याने ब्रेक दाबला, फार उशिरा आणि फार जोरात. एसटीला धडक बसायची चुकली. चाकं कडेच्या खडीवर गेली आणि गाडी डोंगराच्या अंगाच्या खडकावर आपटली.

एअरबॅगची पांढरी पूड गाडीभर पसरली होती. मला खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं. प्रज्ञेश शुद्धीवर होता, बोलत होता, मी बरी आहे ना ते विचारत होता. पण पट्ट्याखाली त्याने पोट डावीकडून धरलं होतं, आणि त्याची नाडी मला आवडली नाही.

एसटीच्या कंडक्टरने मागून येणारी एक जीप थांबवली. खाली पुण्याकडे घाटात रांग लागली होती. आम्ही परत सासवडला गेलो.

डॉ. जगतापांनी सोनोग्राफीचा पडदा माझ्याकडे वळवला. प्लीहा फाटली होती, पोटात रक्त साचत होतं.

"पुण्याला नेण्याइतका वेळ नाही आपल्याकडे," ते म्हणाले. "दुसऱ्या भूलतज्ज्ञांना फोन केला होता, ते जेजुरीला अडकलेत. आम्रपाली मॅडम, तुम्ही द्याल भूल?"

"देते."

"भाऊ आहे तुमचा. म्हणून विचारतोय."

"म्हणूनच देते."

टेबलावर घेतल्यावर प्रज्ञेशने माझं मनगट पकडलं. "ताई, ती बोटं बारीक होती गं," तो म्हणाला. "घाई करत होती." मी त्याला डोळे मिटायला सांगितले आणि औषध सोडलं.

पुढचा काळ मी फक्त आकड्यांकडे पाहत काढला. रक्तदाब खूप खाली गेला, रक्ताच्या पिशव्या चढल्या, तो हळूहळू वर आला. डॉ. जगतापांचा हात अशा वेळी चांगला चालतो. त्यांनी प्लीहा काढली, रक्त थांबलं, पोट शिवलं.

"वाचला," ते मास्कमधून म्हणाले. "आता सावकाश उठवा त्याला." आणि ते हातमोजे काढायला वळले.

मी औषधं बंद केली. प्रज्ञेश स्वतः श्वास घेऊ लागला, हाक मारल्यावर त्याच्या पापण्या हलल्या. मी घशातली नळी काढली. तो अजून गुंगीत होता. जीभ मागे पडून श्वास घोरल्यासारखा येऊ लागला. हे नेहमीचं आहे. अशा वेळी पेशंटच्या डोक्याशी उभं राहायचं, दोन्ही हातांची बोटं कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्यांच्या मागे अडकवायची आणि जबडा पुढे ओढून धरायचा. वाट मोकळी होते. बोटं मानेच्या मागच्या बाजूला जातात, ती दिसत नाहीत.

मी बोटं मागे नेली.

माझ्या डाव्या हाताला जबड्याचं हाड लागलं.

उजव्या हाताला बोटं लागली. बारीक, कोरडी, थंड. ती जबड्याच्या मागे आधीच अडकलेली होती, आणि मी पुढे ओढू लागले तशी ती मागे ओढू लागली.

घोरणं थांबलं. श्वासही थांबला.

"काय झालं, मॅडम?" डॉ. जगतापांनी पाठमोऱ्यानेच विचारलं.

मी उजव्या हाताने सगळा जोर लावून जबडा धरून ठेवला, आणि डाव्या हाताची बोटं त्याच्या कानाखाली आणखी आत सरकवली, जेवढी जातील तेवढी, ती कोमट बोटं शोधत.

डावीकडे कुणीच नव्हतं.