गोदाबाईंची वाट

भुताच्या गोष्टींना मी कायम हसत आले. पण हे घडलं तेव्हा मी स्वतः फोनवर होते. खोटं सांगून मला काय मिळणार?

२०१६ चा एप्रिल. मांजरी गाव. भर दुपार.

माझा मोठा भाऊ सौरभदादा आयटी सोडून तिथल्या एका सोलर कंपनीत लागला होता. पृथ्वी वाचवायला, असं म्हणायचा. कंपनीने उसाची रानं भाड्याने घेतली, पॅनेल बसवले, भोवती तारेचं कुंपण घातलं.

त्या कुंपणात गावातल्या म्हाताऱ्या गोदाबाईंची वाट अडकली. पलीकडच्या त्यांच्या तुकड्याकडे जायची, सासऱ्याच्या काळापासूनची वहिवाट. कंपनी म्हणाली, नकाशात वाटच नाही.

म्हातारी काठी टेकत कालव्याच्या कडेने वळसा घालू लागली. एक दिवस पाय घसरला. बाहेर काढली तेव्हा सगळं संपलं होतं.

तिचं तेरावं झालं, आणि दुसऱ्या दिवशी दादा पॅनेल तपासायला एकटा आत गेला.

थोड्या वेळाने त्याचा फोन.

"अक्षू, मला फाटक सापडत नाहीये." हसत होता.

मी म्हटलं, "इंजिनिअर ना तू?"

तो सरळ चालायचा… आणि परत त्याच तडकलेल्या पॅनेलपाशी यायचा.

पुन्हा तसंच. आता तो हसत नव्हता.

त्याच्या मागे पॅनेलच्या मशीनची घरघर ऐकू येत होती, ती थांबली.

आणि फोनमध्ये मला ऐकू आलं…

ठक… ठक…

चकवा लागला तर आहे तिथे बसावं, एवढं ऐकून माहीत होतं. मी दादाला बस म्हणाले.

तो बसला.

त्याच्या शेजारी… आणखी कुणीतरी बसल्याचं मला ऐकू आलं.

"माझी वाट मोकळी कर, पोरा. मग तुझी करते."

आवाज म्हातारीचा होता. मी ऐकला. दादा रडत हो म्हणाला, आणि फाटक समोरच दिसलं.

त्याने साहेबांच्या हातापाया पडून पाहिलं. भुतांचे अर्ज आपण घेत नाही, म्हणाले.

दादाने नोकरी सोडली. कुंपण आजही तसंच आहे.

काल वारज्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये तो चपला घालून हॉलमध्ये उभा होता.

"अक्षू, दार कुठंय गं?"

समोरच होतं. मी त्याचा हात धरला आणि सरळ दाराकडे निघाले…

परत सोफ्यापाशी आलो. दोघंही.

आत्ता तिथेच बसून लिहितेय. दार समोर दिसतंय. उठायची हिंमत होत नाही.