गुरुवारची बैठक

गाबेस शहरातल्या बंदराजवळच्या कॅफेत शिराज घाईघाईने शिरली, तर तिच्या नेहमीच्या खुर्चीत एक अनोळखी तरुण बसलेला.

"ही जागा—"

"तुमची आहे? नाव कुठे दिसलं नाही." तो हसला... पण उठलाही.

त्याचं नाव नौफेल. शिराजसारखाच आपणही सौर पॅनेल बसवणारा इंजिनियर, असं त्याने सांगितलं. गावात एकेकटे धडपडणारे इंजिनियर जमवून शिराजने ही गुरुवारची बैठक उभी केली होती. कुणाचं काम अडलं तर दुसरा धावून जायचा. कुणी फसवू पाहिलं तर बाकीचे वेळीच सावध व्हायचे. नौफेल या माणसांत सहज मिसळला. बैठकीनंतर तो आणि शिराज बदाम घातलेला चहा पीत बसायचे, खारा वारा तिचे केस विस्कटायचा, आणि नौफेल बोलता बोलता थांबून तिच्याकडे पाहत राहायचा.

"सगळ्यांची कामं जुळवता," तो एकदा म्हणाला. "स्वतःचं काय?"

"स्वतःसाठी वेळ कुठाय?"

"माझा घ्या ना थोडा. मला नकोच आहे."

पुढे राजधानीतल्या एका बड्या कंपनीने बैठकीला मदत देऊ केली. जागा, खर्च, प्रशिक्षण सगळं कंपनी बघेल. बैठक फक्त कंपनीच्या नावाने भरवायची. सगळे हरखून गेले. होकार कळवायच्या दिवशी मात्र नौफेलने शिराजला कॅफेच्या दारातच अडवलं. त्याचा चेहरा पार उतरला होता.

"हो म्हणू नकोस, शिराज."

तो पहिल्यांदाच तिला 'तू' म्हणाला होता.

"का?"

"मला त्याच कंपनीने पाठवलंय. तुमच्यातली चांगली माणसं हेरायला. ती नोकरीवर उचलली की बैठक आपोआप मोडेल, आणि गावातली सगळी कामं कंपनीला मिळतील."

आत कपांचा आवाज होत होता, कुणीतरी मोठ्याने हसत होतं.

"म्हणजे तो चहा... ते बोलणं... नोकरीच होती?"

"पहिला चहा, हो. नंतरचे..." त्याने नकारार्थी मान हलवली. "मी एकाचंही नाव दिलं नाही. आज सकाळी नोकरी सोडली."

"आधी का नाही बोललास?"

"तू पुन्हा भेटली नसतीस."

शिराजला रडू येत होतं, आणि ते त्याला दिसू द्यायचं नव्हतं. "आत चल," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर सांग."

त्याने सांगितलं, खाली मान घालून. कुणी टेबलावर मूठ आपटली, कुणी त्याला बाहेर काढायला उठलं. बस्माने, त्यांच्यातल्या सगळ्यात ज्येष्ठ इंजिनियरने, हात वर करून सगळ्यांना खाली बसवलं.

"कंपनीला नकार कळवा," ती म्हणाली. "आणि याचं काय करायचं?"

सगळे शिराजकडे पाहू लागले. ती नौफेलकडे पाहत राहिली. तो दाराकडे वळला.

"थांब," ती म्हणाली. "ओळख करून दे. या वेळी खरी."

तो वळला. घसा खाकरला. "मी नौफेल. इंजिनियर आहे. सध्या बेकार. आणि... माझं शिराजवर प्रेम आहे."

शिराजची नजर खाली गेली, गाल तापले.

"शेवटचं," ती हळूच म्हणाली, "सगळ्यात आधी सांगायचं होतंस."