मुका गंधार

त्या सकाळी हरिश्चंद्र मास्तर पेज जेवून पडवीत पायपेटीला बसले. गंधाराची पट्टी दाबली, तर नुसता वारा. खारट हवेने तो सूर रातोरात गेला होता.

"मरांदे! गंधाराशिवाय चाल बांधतंय," ते हसले.

एका जुन्या रहस्यकादंबरीचं ते आचऱ्याच्या जत्रेसाठी संगीत नाटक करत होते. खुनी डॉक्टर, हे अख्ख्या गावाने वाचलेलं. म्हणून त्याच सकाळी त्यांनी खुनी बदलला. आता खून विधवा बहिणीने केला आणि शेवटचं पद तिचं. गंधार टाळत वळणारी चाल त्यांनी लेकीला ऐकवली.

"कशी झाली गो?"

विनीता पडवीच्या कडेला बांगडे साफ करत होती. "मगे सांगतंय, बाबानू."

ते देवळाकडे म्हणून निघाले. दुपारी देवळाच्या तळीत त्यांचा देह सापडला. दुखऱ्या गुडघ्याचा माणूस, शेवाळावरून घसरला असणार, असं पोलिसांनी ठरवलं.

बाराव्यानंतर त्याच पडवीत तालीम सुरू झाली. पेटीवर कापड तसंच होतं. साथीला फक्त तबला. नाटकात डॉक्टर झालेला ओमकार शेवटचं पद गायला, त्या सकाळच्याच चालीत.

विनीता ताडकन उठली. "ह्यां पद तुका कोणी दिल्यान?"

"मास्तरांनीच. आदल्या सांजेक, तालमीनंतर."

"त्या दिवशी भेटलंस त्यांका?"

"खंय? मी मालवणात होतंय."

ती नाटकातल्या विधवा बहिणीचं काम करणाऱ्या सुगंधाकडे वळली. "आदल्या सांजेक पेटीचो गंधार वाजत होतो?"

"वाजत होतो तर! तोच धरून मी गायलंय."

विनीताने कापड काढून पट्टी दाबली. नुसता वारा.

मग ती कचेरीत बोलावं तशी, एकेक शब्द वेगळा करत बोलली. "हा सूर त्या सकाळी गेला. म्हणून चालीत तो नाही. आदल्या संध्याकाळी ही चाल जन्मलीच नव्हती. सकाळी ती फक्त मी ऐकली, आणि नंतर तू. तळीवर. बाबांनी तुला ती ऐकवली आणि पद सुगंधाचं म्हणून सांगितलं. तू पद ठेवून घेतलंस, बाबांना ढकललंस."

ओमकारने नजर वळवली नाही. "सगळो जल्म ह्यांच्या नाटकात घातलंय. आणि शेवटचां पद तिका?"

"त्यांनी हाक मारली नाही?"

"मारल्यानी. पायरी धरून. पण चाल इसारतलंय म्हणान मी गुणगुणत रवलंय."

सुगंधाने पोलिसांना फोन लावला.

त्याला नेल्यावर विनीता पेटीला बसली. चाल वाजवली. प्रत्येक वळणावर ओमकारचाच आवाज येत होता. तिने शेवटपर्यंत वाजवली.

"बाबानू," ती मोठ्याने म्हणाली, "चाल बरी झाली. लय बरी झाली."