विहिरीवरचा पाळणा

रविवारी चर्च सुटलं की बडनेऱ्याबाहेरच्या नत्थुजींच्या मळ्यातून भाजी घ्यायची, हा आमचा नेम. आमचं घर तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. मी रेल्वेत फिटर. जे खोलून पाहता येतं त्यावर माझा आधी विश्वास, मग प्रभूवर. आईसमोर हा क्रम उलटा सांगतो.

त्या रविवारी नत्थुजी आत मेथी उपटत होते. माझी पाच वर्षांची खुशी विहिरीपाशी थबकली. काठावर शेंदूर फासलेले सात दगड, साती आसरांचे. पुढे हिरव्या बांगड्या, लिंबू आणि वीतभर लाकडी पाळणा. आजारातून लेकरू उठलं की विहिरीतल्या या बायांना लोक असा पाळणा वाहतात. खुशीला तो बाहुलीसाठी हवा होता.

"घे," मी म्हणालो. आपण येशूची माणसं, आपल्याला कुठल्या बाया धरणार! भाजीच्या पिशवीत पाळणा घातला आणि निघालो.

घरी आईनं पिशवी रिकामी करता करता हात मागे घेतला.

"हे काहून आणलं?"

"तूच म्हणते ना, दगडात काही नसते?"

"नसते. म्हणून उचलून आणाचं काय? दुसऱ्याच्या देवापुढलं आपल्या घरात येत नाही. शास्त्रातल्या त्या माणसानं मनाई केलेला झगा डेऱ्यात पुरला, तं सारं घर गेलं त्याचं. भेव वाटत नाही म्हणून हात लावाचा नसते, श्याम."

मी हसलो. खुशीनं तोवर बाहुली निजवलीसुद्धा.

सकाळी बाहुली ओली होती. पाळण्याखालची फरशीही. मी नळ पाहिला, टाकी पाहिली, भिंत चाचपली. सगळं ठणठणीत कोरडं. मे महिना, नळाला पाण्याचा पत्ता नाही, आणि घरात शेवाळाचा वास.

मग खुशीची उशी ओली. मग केस, आंघोळ केलेली नसताना. डॉक्टर म्हणाले, घाम आहे. घामाला शेवाळाचा वास कसा, हे विचारायची माझी छाती झाली नाही. माझी बायको पौर्णिमा तिला कुशीत घेऊन झोपू लागली. पोरगी कुशीतून सरकून पाळण्यापाशी जायची. आईची प्रार्थना चालूच होती. मला बसवेना, उठवेना. पोर हातची जाते की काय, एवढंच डोक्यात.

शेवटी पाळणा घेऊन मळ्यात गेलो. नत्थुजींनी तो हातात घेतला नाही.

"तुमी नेला व्हता?"

"हो. चुकलं माझं."

"यात कोणाले निजवलं काय?"

"बाहुली. पोरीची."

त्यांनी विहिरीकडे बोट दाखवलं.

"जागेवर ठेवून द्या, भाऊ. वापस घ्याचा का नाही, ते त्याईच्यावर."

मी ठेवला आणि गाडी पळवतच घरी आलो.

घर कोरडं होतं. वास गेला होता. मला रडूच आलं.

अंगणात पौर्णिमा खुशीची वेणी घालत होती. केस कोरडे, मोकळे. खुशी फ्रॉक सावरून शहाण्यासारखी बसली होती.

वेणी झाली. खुशी उठली. तिनं चप्पल घातली.

"मावशी," ती पौर्णिमाला म्हणाली, "आता मले घरी सोडून द्या ना. आई वाट पाहून राहिली."