दुसऱ्या डिस्कवरची खुर्ची

महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमधून मिस्सा आटोपून आला, की फर्डिनंड जेवायच्या आधी कॉम्प्युटर लावायचा. मुंबईच्या ऑफिसात सव्वीस वर्षं कॉम्प्युटर सांभाळून निवृत्त झालेला माणूस. माणिकपूरच्या घरातल्या मशीनमध्येही त्याने दोन डिस्क बसवल्या होत्या. एकीवर लिहिलं ते दुसरीवर आपोआप उमटायचं. एक गेलीच तर दुसरी राहावी म्हणून. महिन्यातून एकदा मशीन दोन्ही ताडून बघे आणि फरक किती ते आकड्यात सांगे. आकडा कायम शून्य.

त्याची बायको रिटा जाऊन दीड वर्ष झालं होतं. तिचं हलतंबोलतं चित्रण एकच, दोन मिनिटांचं. परसात खुर्चीवर बसून ती वालाच्या शेंगा सोलतेय आणि मान वर न करताच म्हणते, "फर्डी, पुरे ते. चहा ठेवते हां." बस्स. तेवढ्यावर गडी दिवस काढत होता.

गेल्या महिन्यात आकडा आला एकशे अठ्ठावीस. फरक नेमका त्याच चित्रणात. डिस्क वेगवेगळ्या उघडून पाहिल्या, तर पहिलीवर सगळं जागच्या जागी आणि दुसरीवर रिटा खुर्चीतून अर्धी उठलेली. डोळ्यांवर खापर फोडून त्याने मशीन बंद केलं होतं.

आज आकडा चार हजारांच्या वर. दुसऱ्या डिस्कवर तेच ऊन, तीच कोंबडी, शेंगांनी भरलेलं सूप जमिनीवर. खुर्ची रिकामी.

डिस्क बिघडतेय, उद्या पहिलीही गेली, तर रिटाचा आवाजसुद्धा गेला. दुरुस्ती होती, पण आंधळी. खरी प्रत कुठली ते मशीन विचारत नाही, पहिली डिस्क खरी धरून दुसरीवर तेच लिहून टाकतं. पहिलीवर रिटा होती. मग कसला विचार करायचा? त्याने दुरुस्ती सुरू केली.

टक्के चढू लागले. भर दुपार, पण घर इतकं गप्प, की डिस्कची खरखर भिंतीतून यावी तशी येत होती. कुठूनसा गवती चहाचा वास आला.

"फर्डीभाऊ, पाहुणे का हो?" कुंपणापलीकडून आशालताने हाक दिली. शेजारी कोण आलं हे कळल्याशिवाय तिला घास गोड लागत नसे.

"माझ्याकडे कोण येणार, आशाताई?"

"मग स्वयंपाकघरात कोण आहे? मी बघत नव्हते हं... दिसलं आपलं. पाठमोरी बाई. म्हटलं, बहीण आली असेल."

"चहा... तुम्ही उकळताय ना?"

"आमचा तर सकाळीच गॅस संपला."

फर्डिनंडने पडद्याकडे पाहिलं. शहाण्णव टक्के. खुर्ची रिकामी का होती, ते त्याला आत्ता कुठे समजलं. एक बटण दाबून दुरुस्ती थांबवता आली असती. पण तो धावला तो स्वयंपाकघराकडे.

"रिटा...?"

मागे खरखर थांबली.

स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. गॅस मंद जळत होता. ओट्यावर दोन कप, एक भरलेला, दुसरा अर्धाच. गाळणी कुठेही दिसेना.

मागच्या दाराने आशालता आत आली. तिने गॅस बंद केला. "भाऊ... एकट्या माणसाला दोन कप कशाला?"

खोलीत येऊन त्याने आकडा पाहिला. शून्य. दोन्ही डिस्क उघडल्या. दोन्हींवर रिटा खुर्चीत बसलेली. तेच ऊन, तीच कोंबडी.

शेंगा मात्र सुपात तशाच होत्या. तिच्या हातात गाळणी होती, अजून ठिबकणारी. आणि या वेळी तिने मान वर केली होती.