दोनदा वाजलं तर निघायचं

गॅरेजचे दिवे गेले, की म्हातारे मिस्तरी ही गोष्ट काढतात. पोरं सरकून जवळ बसतात. मिस्तरी म्हणतात, ऐकीव नाही, टेम्पोवाला माझं रोजचं गिऱ्हाईक.

गेल्या डिसेंबरातला दुसरा शनिवार. दिवेलागण झाल्यावर टेम्पोवाला आणि त्याचा मेहुणा गावाबाहेरच्या एका बाईकडे जनावरांच्या खाद्याची पोती टाकायला निघाले. मेहुण्याचं लग्न ठरलेलं. टेम्पोवाल्याच्या बायकोने दारातच बजावलं होतं, माझ्या भावाला नेताय तसा परत आणा. दोघांची कामाची खूण ठरलेली होती. गाडी मागे घेताना मेहुणा पत्र्यावर हात मारायचा. एकदा वाजलं तर थांबायचं, दोनदा वाजलं तर निघायचं.

बाई एकटीच. आत शिलाई मशीन चालू, तोंडात गाणं. गळा असा, की मेहुणा पोतं खांद्यावरच विसरला. कुंपणात डुकरं होती, पण एकही ओरडत नव्हतं. नुसती बघत होती, काहीतरी सांगायचं असल्यासारखी.

पोती उतरल्यावर बाईने दोघांना सरबताला बोलावलं. टेम्पोवाल्याला साखरेचं दुखणं, तो गाडीतच बसला. मेहुणा जाताना हसला.

"दाजी, तुमच्या वाटचंही मीच पितो. ताईला नका सांगू."

थोड्या वेळाने गाणं थांबलं.

मशीनही थांबलं.

बराच वेळ कुणी येईना. दाराशी मेहुण्याच्या चपला तेवढ्या दिसत होत्या. मग बाई गाडीच्या खिडकीशी आली. हातात भरलेला पेला.

"माझा मेहुणा?"

"आहे की इथेच. एवढं घ्या, मग भेटतो."

टेम्पोवाल्याच्या डोळ्यांपुढे दारातली बायको आली. त्याच्याशिवाय घरी जायचं कसं? त्याने पेला ओठाला लावला...

मागून पत्रा वाजला. धप्प.

तो थांबला.

आरशात कुणी नाही. फक्त अंधार. आणि खाली काहीतरी... धापा टाकणारं.

बाई आता हसत नव्हती.

"प्या."

धप्प. धप्प.

पेला हातातून सुटला. गाडी निघाली.

उजाडताना तो माणसं जमवून परत गेला. घराला कुलूप. कुंपण मोकळं. चपलाही नाहीत.

टेम्पो मग मिस्तरींकडे आला. मागच्या पत्र्यावर, मेहुणा हात मारायचा तिथेच, चिखलाचे ठसे होते. दुभंगलेल्या खुरांचे. मिस्तरींनी घासघासून धुतले. जाईनात.

तेवढ्यात टेम्पोवाल्याची बायको धावत आली. नवऱ्याने ठशांकडे नुसतं बोट दाखवलं. तिने ठशावर तळहात ठेवला... आणि काढलाच नाही.

"अजून गरम आहे," ती म्हणाली.