गौरींसाठी गोळ्या

नऊ वर्षांपूर्वी लेकीनं बोरिवलीहून पाठवलेल्या त्या पत्राला अनंतरावांनी उत्तर दिलंच नव्हतं... 'बाबा, इथे सणवार आला की मला पाळी लांबवायच्या गोळ्या घ्यायला लावतात. सोवळं मोडतं म्हणे! तुम्ही एकदा सासूबाईंशी बोला ना...' सारा जन्म ग्रंथालयाच्या कपाटांआड काढलेल्या त्या भिडस्त माणसाला विहीणबाईंपुढे तो शब्द उच्चारायचीच लाज वाटली. आणि त्या लाजेपायी त्यांनी पोटच्या पोरीला एकटं सोडलं!

आज रेवती डोक्यावर टाके घेऊन मुलुंडला माहेरी त्यांच्यासमोर बसली होती. मेंदूच्या आवरणातली गाठ शस्त्रक्रियेत काढली होती, पण शिरेला चिकटलेला तुकडा आतच राहिला होता. प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक जिथे जाऊन चिकटतं, ते रिसेप्टर त्या गाठीत भरभरून सापडले होते. आणि गोळ्यांत औषध त्याच जातीचं! "गाठ गोळ्यांनीच झाली असं मी म्हणणार नाही," डॉक्टर म्हणाले होते, "पण यापुढे एकही गोळी नको."

तरीही सकाळी विहीणबाईंचा फोन आलाच. "गौरी पंधरा दिवसांवर आल्या गं. यंदा एवढ्या गोळ्या घे, पुढच्या वर्षी बघू!"

"बघू म्हणे! अजून काय बघायचं राहिलंय, माझं डोकं उघडून झालं की!" रेवती कडाडली. "पण त्या परक्या, बाबा. तुम्ही तर माझे होतात ना?"

"चुकलो गं पोरी..."

"चुकलो म्हणू नका! रडू तर मुळीच नका. मला राग आलाय, तो येऊ दे!"

अनंतरावांचे डोळे कोरडे झाले. त्यांनी विहीणबाईंना फोन लावला. पलीकडून "हॅलो" ऐकताच त्यांनी तो ठेवून दिला. शी! स्वतःची अशी किळस त्यांना कधी आली नव्हती. त्याच संतापात त्यांनी पोस्टकार्ड ओढलं.

'विहीणबाईंस नमस्कार. रेवती पाळी लांबवायची गोळी यापुढे घेणार नाही. पाळी आली तर येईल. ते चालत नसेल, तर ती इथेच राहील. हे मी नऊ वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं.'

रेवतीनं वाचलं. "पाकिटात तरी घाला. त्यांची अख्खी बिल्डिंग वाचेल."

"वाचू दे!"

ती डोक्याला ओढणी गुंडाळून चपला शोधू लागली.

"चला. एकटे गेलात तर पेटीपर्यंत जाऊन परत याल."

पेटीशी त्यांनी कार्ड अर्धं आत घालून पुन्हा बाहेर ओढलं. रेवतीनं मदत केली नाही; नुसती शेजारी उभी राहिली. कार्ड त्यांनी स्वतःच आत सोडलं.